घाटाखालचा एक दिवस

कोल्हापुरात अजूनही कोकणात जाण्याला ‘घाटाखाली जाणे’ असेच म्हणतात. या दोन शब्दांत कित्येक पिढ्यांचा व्यापार साठलेला आहे. बैलांच्या पाठीवरून, पुढे गाड्यांतून, देशावरचा गूळ, धान्य आणि मिरची घाटाखाली उतरत असे. परतीच्या फेरीत मीठ, नारळ, सुपारी आणि आमसुले वर येत. आज ही वाहतूक ट्रकमधून एका रात्रीत उरकते आणि तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. तरीही फाल्गुन लागला की जुन्या पेठांतील माणसांना घाटाखालची ओढ लागते. तिचे कारण व्यापार नव्हे, ओले काजू हे असते.

अशा ओढीने एकत्र आलेले चार मित्र. अण्णा गुळाचे अडते. आप्पांचे भांड्यांचे दुकान. भाई कापडवाले, त्यांचे घराणे तीन पिढ्यांपूर्वी सौराष्ट्रातून आले आणि आता त्यांची गुजराती देरासरात व चोपडीत तेवढी उरली आहे. दादा औषधांचे घाऊक विक्रेते. दोघे दिगंबर, दोघे श्वेतांबर. पण चौघेही एकाच शाळेच्या एकाच बाकावरचे, आणि आता सगळे पासष्टीच्या अलीकडे-पलीकडे. दरवर्षी फाल्गुनातला एक दिवस विजयदुर्गला जायचे, खाडीकाठच्या एका ओळखीच्या घरी जेवायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी घाट चढून वर यायचे, हा त्यांचा अठरा वर्षांचा शिरस्ता होता. २०१९ नंतर त्यात सहा वर्षांचा खंड पडला. पहिली दोन वर्षे महामारीची. पुढच्या चार वर्षांचे कारण चौघांनाही ठाऊक होते आणि त्याचा उच्चार कोणी करत नव्हते.

कारण साधे होते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा छोटा कारखाना काढण्यासाठी आप्पांनी बँकेचे कर्ज काढले. जामीनदार म्हणून अण्णांनी सही केली. व्यापारी घराण्यांत अशी सही चहाच्या कपाबरोबर होते. भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते, की वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. छापील जामीनपत्रावर सही करणाऱ्यांपैकी हे वाचणारे शंभरात दोन निघाले तरी पुष्कळ. टाळेबंदीत ऑर्डरी थांबल्या, हप्ते थकले, कारखाना बंद पडला. अखेर अण्णांनी बँकेशी तडजोड करून अकरा लाख रुपये भरले आणि आपल्या पेढीवरचा बोजा उतरवून घेतला. त्यालाही आता चार वर्षे होत आली. जामीनदाराने भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क कायदा त्याला देतो. पण दावा तीन वर्षांत लावावा लागतो. अण्णांच्या मुलाने दोनदा आठवण केली. अण्णांनी दावा लावला नाही. गेल्या वर्षी ती मुदतही उलटून गेली.

यंदा दादांनीच चौघांना फोन केले. भाईंची अट एकच होती : फाल्गुनी चौमासीच्या आत जायचे. शुद्ध चतुर्दशी गेली की भाईंच्या घरी कोथिंबिरीसह सारा पाला बंद आणि सुका मेवाही बंद. मग ओल्या काजूवरून विनाकारण चर्चा नको. अष्टमी टाळून दशमीचा दिवस मुक्रर झाला. अण्णांच्या आणि आप्पांच्या पत्नींनी आपण होऊन बरोबर येण्याचे ठरवले. यजमान बोलत नसताना या दोघींनी बोलणे कधीच थांबवले नव्हते. देवदर्शनाच्या निमित्ताने भेटत, लोणच्याच्या बरण्यांची देवाणघेवाण चाले, आणि घरी कोणी ‘हे लोणचे कोणाचे’ असे विचारत नसे.

पहाटे साडेपाचला गाडी निघाली. कळे मागे पडले, उसाची शेते विरळ झाली आणि गगनबावड्याला पोहोचेपर्यंत उजाडले. कोल्हापूरपासून हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर. पण हवेतला फरक त्याहून मोठा. घाटमाथ्यावर धुके रेंगाळत होते. भाई नवकारशी पाळतात, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत तोंडात पाणीही नाही. त्यामुळे इतरांनीही थर्मास उघडला नाही. अशा वेळी एकाचे व्रत सगळ्यांचे होते. त्याची वाच्यता करायची नसते. आठ वाजण्याच्या सुमारास दशम्या, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी आणि चहा झाला.

गगनबावड्यावरून दोन घाट उतरतात. करूळचा घाट वैभववाडीकडे जातो, भुईबावड्याचा खारेपाटणकडे. घाई असलेली माणसे पहिला घेतात. चौघे नेहमी दुसरा घेत, कारण खारेपाटणला जुने जैन मंदिर आहे आणि तेथे दर्शन घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नेम होता.

खारेपाटण हे गाव आज महामार्गावरून एका मिनिटात मागे पडते. त्याचे नाव मात्र इतिहासाच्या पुस्तकांत ठळक आहे. विजयदुर्गच्या खाडीतून आत खोलवर आलेले हे एके काळचे बंदर. येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. त्यात मठाला जी दाने दिली आहेत, त्यांत परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण असे उत्पन्नही नेमून दिले आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या खाडीच्या तोंडी आयात मालावर जकात बसत होती आणि तिचा हिशेब ठेवणारे कारकून होते. दुसरा ताम्रपट उत्तर कोकणच्या अनंतदेव शिलाहाराचा, शके १०१६ चा. त्यात भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धनाम श्रेष्ठी या दोघांच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चौल यांसारख्या बंदरांत जकात माफ केली आहे. आपण आज ज्याला शेठ म्हणतो तो शब्द या ‘श्रेष्ठी’चाच. दादांनी हे कुठेसे वाचून ठेवले होते आणि दरवर्षी ते त्याच वळणावर सांगत. भाईंचे उत्तरही ठरलेले असे :

“म्हणजे जकात माफ व्हायला तेव्हाही मंत्र्याशी ओळख लागत होती.”

“ओळख कसली, तो स्वतःच मंत्री होता,” दादा म्हणाले, आणि सहा वर्षांनंतर प्रथमच गाडीत सगळे एकदम हसले. आप्पा जरा उशिरा हसले.

मंदिरात अर्धा तास गेला. बाहेर आल्यावर अण्णा पायऱ्यांवर बसून चपला घालत होते, तेव्हा आप्पा त्यांच्याजवळ उभे राहिले, सदऱ्याच्या खिशाकडे त्यांचा हात गेला आणि परत आला. गाडीत बसताना अण्णा पुढे बसले, आप्पा सर्वांत मागे.

खाडीत पुढे गाळ साचत गेला, मोठी गलबते आत येईनाशी झाली, व्यापार समुद्राच्या बाजूला सरकला. मग आगबोटी आल्या आणि गेल्या, महामार्ग आला, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. प्रत्येक वेळी कोणत्या तरी पेठेचे दुकान बसले आणि दुसऱ्या पेठेचे चालले. मोठ्या बंदरांची गोष्ट इतकी सविस्तर लिहिली जाते. एका भांडीवाल्याच्या कारखान्याची कोण लिहिणार?

तळेऱ्याहून गाडी समुद्राकडे वळली. पडेलच्या बाजूला रस्ता जांभ्याच्या उघड्या कातळावरून जातो. या कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून ते भरायचे आणि त्यात हापूसचे कलम लावायचे, ही येथल्या शेतकऱ्यांची बागायत. झाडाला फळ धरेपर्यंत वर्षे जातात, आणि त्या काळात उत्पन्न काही नाही. देशावरच्या व्यापाऱ्याला बाराशे-पंधराशे रुपये डझनाचा भाव ऐकून धक्का बसतो, तो हे खड्डे पाहिलेले नसतात म्हणून. भाईंनी मात्र खड्डे पाहूनही घासाघीस केली. हंगामाच्या सुरुवातीची एक पेटी ठरली. परतताना घ्यायची होती.

विजयदुर्गाला पोहोचायला अकरा वाजले. शिलाहार भोज दुसरा याने बांधलेला हा किल्ला. त्याचेच राज्य पन्हाळ्यावर होते, म्हणजे कोल्हापूरकरांनी आपलाच म्हणावा असा हा राजा. याच भोजाच्या कारकिर्दीत, शके ११२७ मध्ये, आजऱ्याच्या त्रिभुवनतिलक जिनालयात बसून सोमदेवाने ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पुरा केला. किल्ला पुढे मराठ्यांकडे आला, आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले, आणि १७५६ साली इंग्रजांनी तो जिंकून घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत ज्या बारा किल्ल्यांची नोंद केली, त्यांत पन्हाळा आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. तिहेरी तटबंदीच्या आतून फिरताना उन्हाचा त्रास होत नाही. भिंतीच सावली धरतात. बुरुजावर उभे राहिले की एका बाजूला उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शांत खाडी दिसते. पूर्वी गलबते वादळात याच खाडीत शिरून सुरक्षित होत.

पूर्वी चौघे बुरुजावर तासभर बसत. या वेळी दादा आणि भाई मुद्दाम पुढच्या बुरुजाकडे निघून गेले. दोघी वहिनी सावलीत बसल्या. तटावर अण्णा आणि आप्पा उरले, मध्ये एका तोफेच्या खिडकीएवढे अंतर ठेवून.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णाच म्हणाले, “नोटीस आली तेव्हा पेढीवर सौदा चालू होता. वीस शेतकरी समोर. पोस्टमनने सही मागितली आणि लिफाफ्यावरचं बँकेचं नाव सगळ्यांनी वाचलं.”

“माहीत आहे मला.”

“पैशाचं नाही रे. हप्ते थकल्याचं मला बँकेकडून कळलं. तुझ्याकडून नाही.”

आप्पा समुद्राकडे बघत होते. “रोज निघत होतो सांगायला. मार्केट यार्डाच्या कमानीपर्यंत यायचो. तिथून तुझी पेढी दिसते. दारात तुझा मुलगा उभा असायचा. परत फिरायचो. असे पाच-सहा महिने गेले.”

अण्णांनी यावर काही उत्तर दिले नाही. खालून दादांची हाक आली, की जेवणाची वेळ झाली.

खाडीकाठचे घर होते तसेच होते. मागे नारळ-पोफळीची वाडी, पुढे सारवलेले खळे. शिमग्यासाठी मुंबईची मंडळी यायला सुरुवात झाली होती. घरच्या काकू पाहुण्यांना पाहून पडवीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न केला तो हाच :

“तुमी इतकी वर्सा खंय होतास?”

चौघांपैकी कोणालाही चटकन उत्तर सुचले नाही. भाईंनी महामारीचे नाव घेतले. काकूंनी मान हलवली; पण त्या इतक्या भोळ्या नव्हत्या.

या घराचे वैशिष्ट्य असे, की त्यांना नियम पुन्हा सांगावे लागत नाहीत. कांदा नाही, लसूण नाही, ओले आले नाही, जमिनीखालचे काही नाही. कोकणातले खतखते कितीही नावाजलेले असले, तरी त्यात सुरण आणि कणगी असतात, म्हणून ते या पंगतीला वर्ज्य. आदल्या दिवशी आंबवलेल्या पिठाची आंबोळी भाई घेत नाहीत, म्हणून ताज्या पिठाची घावणे. वाटण कसे करायचे हे काकूंनी पहिल्याच वर्षी स्वतः शोधून काढले होते : भाजलेले सुके खोबरे, धने, बेडगी मिरची, दोन लवंगा, थोडी बडीशेप आणि आल्याऐवजी सुंठीची चिमूट. त्या वाटणात काळ्या वाटाण्याचे सांबारे इतके खमंग होते, की कांद्याची आठवण कोणाला व्हावी? आता स्वयंपाक सुनेच्या हाती गेला होता, आणि तिने सासूच्या सांगण्यावरून आल्यासुद्धा विळी आणि पातेली वेगळी काढून ठेवली होती.

ओल्या काजूची उसळ हे पाहुण्यांना दिसते त्यापेक्षा कष्टाचे काम आहे. हिरव्या बीच्या कवचात झोंबरे तेल असते. ते हाताला लागले की कातडी जळते. बायका बोटांना तेल किंवा राख चोळून, एकेक बी कापून आतला गर काढतात. मग गरम पाण्यात घालून त्याची साल सोडवायची. म्हणून ओले काजू वजनावर नव्हे, शेकड्यावर विकले जातात. प्रत्येक बीमागे एका बाईच्या बोटांचा हिशेब असतो. ओल्या खोबऱ्याच्या हलक्या वाटणात शिजलेला तो गर दाताखाली लोण्यासारखा जातो. सुक्या काजूचा आणि त्याचा चवीने फारसा संबंध नाही.

सोलकढीतही लसूण नव्हती. आमसुले तासभर पाण्यात भिजवून काढलेला रस, नारळाचे पहिले दाट दूध, मीठ, जिरे आणि ठेचलेली हिरवी मिरची. विस्तवावर ठेवायची नाही, नाहीतर फुटते. दादांनी चार वाट्या घेतल्या आणि पित्तावर याहून चांगले औषध आपल्या गोदामात नाही, असे जाहीर केले. औषधाच्या घाऊक विक्रेत्याने असे बोलू नये, असे भाईंचे मत पडले.

खरा सोहळा शिरवाळ्यांचा. तांदळाच्या पिठाची उकड मळून तिचे मोठे गोळे करतात, ते पाण्यात उकडतात आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबतात. खालून पांढऱ्या शेवया उतरतात. त्या नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेल्या रसाबरोबर खायच्या. साच्याचा दांडा दाबायला जोर लागतो. सुनेचा नवरा होडीच्या कामाला गेला होता, तेव्हा काकूंनी सरळ आप्पांना उठवले. आप्पांनी दांडा दाबण्याआधी सवयीने साचा उलटा करून पाहिला.

“काकू, ही पितळेची जाळी झिजली. भोकं मोठी झालीत. शेवया जाड पडतात त्या यामुळे.”

“मग दुसरी खंय गावतली?”

“माप घेऊन जातो. करून पाठवतो.” त्यांनी खिशातून सुतळी काढून मोजमाप घेतले. कारखाना गेला तरी हाताला त्याची भाषा येत होती.

दुसरा गोळा कडक निघाला. आप्पांच्या एकट्याच्या जोराने दांडा हलेना, तेव्हा अण्णा उठले आणि दुसऱ्या बाजूने त्यांनी हात लावला. शेवया उतरल्या. रस चाखल्यावर मात्र अण्णांची भिवई वर गेली. गूळ कोठला, अशी चौकशी झाली. काकूंनी बाजारातली पिवळीधमक ढेप आणून दाखवली. अण्णांनी ती नखाने खरवडली, जिभेवर ठेवली आणि मान हलवली. गुळाला असा सोन्यासारखा रंग यावा म्हणून त्यात हायड्रॉस पावडर घालतात; भेंडीच्या चिकाने मळी काढलेला, काहिलीत नीट आटवलेला गूळ तांबूस-काळसर असतो. ग्राहकाला पिवळा हवा असतो, म्हणून गुऱ्हाळवाला पिवळा करतो, अडत्याकडे पिवळ्याला भाव जास्त मिळतो, आणि शेवटी अडत्यालाच तो खाववत नाही. गुळाच्या धंद्याचे हे दुखणे अण्णा गेली तीस वर्षे प्रत्येक पंगतीत सांगत आले आहेत. त्यांनी गाडीतून आणलेली पाच किलोची काळसर ढेप काकूंच्या हवाली केली, आणि तिच्यातला खडा किसून रसाची दुसरी खेप झाली. फरक सगळ्यांना कळला. भाईंना कळला नाही, पण त्यांनी तसे म्हटले नाही.

गाडीच्या चालकाने आपले जेवण जेट्टीजवळ उरकले. त्याला दोनशे रुपये दिले होते. त्यात त्याने काय खाल्ले हे कोणी विचारले नाही.

जेवणानंतर पडवीत सतरंज्या पसरल्या गेल्या. दादा आणि भाई लवंडले. पोफळीच्या वाडीत पाटाचे पाणी सोडले होते, त्याचा आवाज येत होता. आप्पांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि तो अण्णांच्या मांडीजवळ ठेवला.

अण्णांनी चष्मा शोधला. तो त्यांच्या पत्नीच्या पर्समध्ये होता, आणि त्यांनी तो मागण्यापूर्वीच पुढे केला. म्हणजे दोघींना हे सगळे आधीपासून माहीत होते.

कागद वहीचा होता, अक्षर आप्पांचे. आपल्या कर्जापोटी अण्णांनी बँकेत भरलेले अकरा लाख चाळीस हजार रुपये आपण देणे लागतो. वसुलीची कायदेशीर मुदत संपली असली तरी ते आपण दरमहा वीस हजारप्रमाणे फेडण्याचे वचन देतो. खाली सही आणि तारीख. करार कायद्याच्या कलम २५ मध्ये असे एक पोटकलम आहे, की मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी आणि सहीनिशी दिले, तर नव्याने काही मोबदला नसतानाही ते बंधनकारक ठरते. मेलेले कर्ज जिवंत करण्याचा अधिकार कायद्याने फक्त ऋणकोला दिला आहे, आणि तो वापरणारा ऋणको बँकेच्या दारात वर्षानुवर्षे दिसत नाही. आप्पा कोणा वकिलाकडे जाऊन हे विचारून आले होते.

भाई झोपेचे सोंग घेऊन ऐकत होते. त्यांना वाटले, अण्णा कागद परत करतील, ‘अरे, याची काय गरज’ म्हणतील. दादांनाही तसेच वाटले असावे. अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले,

“आकडा चुकला आहे.”

आप्पांचा चेहरा उतरला.

“बँकेत मी अकरा लाख भरले. वरचे चाळीस हजार वकिलाचे. तू म्हणाला नव्हतास वकील कर म्हणून. ते काढ.”

“पण तुझ्या खिशातून गेले ना?”

“माझ्या हौसेचे गेले. पेन आण.”

पेन दादांच्या हिशेबाच्या डायरीला अडकवलेले होते. आप्पांनी चाळीस हजार खोडले, खोडाखोडीपाशी सही केली. अण्णांनी हप्त्याच्या आकड्यावर बोट ठेवले. वीस हजारांनी पंचावन्न महिने होतात, एवढे गणित दोघांनीही मनात एकदमच केले. आप्पा सहासष्ट वर्षांचे आहेत.

“झेपेल?”

“दुकानाचा वरचा मजला भाड्याने दिला आहे. बावीस येतात. त्यातलेच देतो.”

अण्णांनी आणखी काही विचारले नाही. कागदाची घडी घालून त्यांनी तो पाकिटात, नोटांच्या मागच्या कप्प्यात ठेवला. व्याजाचा विषय कोणी काढला नाही. मग त्यांनी काकूंना हाक मारून शिरवाळी उरली आहेत का ते विचारले. उरली होती. एका ताटात दोघांनी घेतली.

पावणेतीनला निघणे भाग होते, कारण सूर्य कोणासाठी थांबत नाही आणि अंधार पडल्यावर या गाडीतल्या कोणाचेही तोंड हलणार नव्हते. काकूंच्या सुनेने केळीच्या पानात घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी बांधून दिली. मंदिराच्या देणगीप्रमाणेच तिचेही पैसे घ्यायला ती तयार नव्हती. वाटेत आंब्याची पेटी घेतली. भाईंनी शेवटचे पन्नास रुपये कमी करून घेतलेच. खारेपाटणला वळताना खाडीचे पाणी ओहोटीने उतरले होते आणि मधला गाळ उन्हात चकाकत होता. आप्पा या वेळी अण्णांच्या शेजारी, मधल्या बाकावर होते. गप्पा गुडघेदुखीच्या चालल्या होत्या.

घाट चढून गगनबावड्याला गाडी थांबली तेव्हा सहा वाजायला आले होते. घाटमाथ्यावरून खालचे कोकण निळसर धुरकट दिसत होते. कठड्यावर वर्तमानपत्र पसरून घावणे मांडली गेली. सूर्यास्ताला अजून पाऊण तास होता, तरी भाई दर दोन घासांनी घड्याळ बघत. सव्वासहाला सगळ्यांनी पाणी पिऊन चूळ भरली.

मग दादांनी डायरी उघडली. गाडीभाडे आणि डिझेल ६,२००, चालकाचा भत्ता ५०० आणि जेवण २००, सहा जणांचे जेवण २,१००, शहाळी २४०. खारेपाटणच्या मंदिरात प्रत्येकाने काय टाकले ते हिशेबात धरायचे नसते, आंब्याची पेटी ज्याची त्याची. एकूण ९,२४०. चार हिस्से, प्रत्येकी २,३१०.

“आमच्या दोघांचा मिळून मी देतो,” अण्णा म्हणण्याच्या बेतात होते. तोंड उघडलेही होते. पत्नीने त्यांच्याकडे नुसते पाहिले.

आप्पांनी पाकीट काढले, पाचशेच्या चार नोटा, शंभराच्या तीन आणि एक दहाची मोजून दादांच्या हातावर ठेवली. दादांनी चौथ्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या वर्षीच्या फाल्गुनात दशमी कोणत्या वारी येते ते भाईंना बघायला सांगितले. भाईंनी चष्मा पुसला. उजेड अजून पुरेसा होता.